पेडणे तालुक्यात पहिला

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. उद्या वाटेत भेटलात तरी मला मान खाली घालावी लागणार नाही. हे कारण काही मर्दपणाचं नव्हे. पण तेवढी धमक अंगात असती, तर आज सांगण्यासारखं काही उरलंच नसतं.

आधीच बोलून टाकतो — गोष्ट एका खेळाची आहे. मोबाइलवरच्या. हसू आलं ना? येऊ दे. मीही पुष्कळ दिवस हसण्यावारीच नेलं. खेळच तो, त्यात काय एवढं? ह्या एका वाक्याच्या आडोशाला मी वर्षं काढली.

तो खेळ असा. पाच जण विरुद्ध पाच जण. समोरच्यांचा किल्ला पाडायचा, आपला राखायचा. मित्रांची टोळी करूनही खेळता येतं, पण आम्ही खेळायचो ते सोलो — एकट्याने शिरायचं, मग खेळच तुम्हाला चार अनोळखी गडी देतो. कोण बिहारचा, कोण हैदराबादचा, कोण कुठल्या बेटावरचा. जिंकलात तर एक तारा मिळतो, हरलात तर हातातला जातो. ताऱ्यांच्या पायऱ्या होतात, त्यांनाच रँक म्हणायचं. चढायला महिने लागतात, उतरायला एक दुपार पुरते. आणि हरलात की दोष कुणाचा? त्या चौघांचा. सोलो खेळणाऱ्या कुणालाही विचारून बघा, तो आयुष्यात कधी स्वतःमुळे हरलेला नसतो. ही खोड मला खेळाने लावली की आधीपासूनच होती, ते आता सांगता येत नाही.

आमचं गाव हळर्णच्या अलीकडे, नदीच्या बाजूला. वडिलांचा पोसरो होता — तांदूळ, साबण, सकाळचे पाव, गॅसच्या शेगडीचे सुटे भाग, असं सगळं मिळून एक दुकान. आयटीआय करून मी त्याच पोसऱ्यावर बसलो होतो. गोव्यात दुपारी दुकानं बंद असतात हे तुम्हाला ठाऊक असेल. जेवून वडील आडवे व्हायचे आणि मी अर्धं शटर ओढून आत तांदळाच्या पोत्यावर बसायचो. ती दुपार माझी. त्या दुपारी मी कुणीतरी असायचो.

सगुण माझा शाळेपासूनचा मित्र. आमच्या अंगणातून हाक मारली तर त्याच्या ओटीवर ऐकू जाईल, इतकं जवळ घर. घरात तो, त्याची आई — मी त्यांना काकी म्हणतो — आणि धाकटा भाऊ उल्हास. वडील नव्हते. त्याच्या वडिलांकडे देवळात गाऱ्हाणं घालायचा मान होता. ते गेले, पण आवाज थोरल्याच्या गळ्यात ठेवून गेले. हा खेळ सगुणला मीच शिकवला. मग तो प्रत्येक खेळ सुरू व्हायच्या आधी माइक चालू करून त्या चार परक्यांना गाऱ्हाणं ऐकवायचा: "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान आज एकट्यान खेळ मांडलो हा. तेका चार बरे गडी गावांदेत. आणि कोण मदीच सोडून पळालो, तर तेच्या फोनाचा चार्जिंग जावंदे रे म्हाराजा." पलीकडून कुणीतरी हिंदीत शिवी घालायचं. मी शेजारी बसून माझ्या फोनावर माझा वेगळा खेळ खेळत असायचो आणि तरीही "व्हय म्हाराजा" म्हणायचो. ते चांगले दिवस होते. ते मीच संपवले.

खेळात एक सोय होती. तालुक्यातला सगळ्यात वरचा जो, त्याच्या नावाखाली एक बारीक सोनेरी ओळ यायची — पेडणे, पहिला. बस, इतकंच. त्याने पोट भरत नाही, लग्न जमत नाही, कुणी चहासुद्धा पाजत नाही. पुष्कळ दिवस ती ओळ माझ्या नावाखाली होती. पोसऱ्यावर बसून लोकांना पाव किलो डाळ बांधून देताना मला ती आठवायची आणि बरं वाटायचं.

मग सगुण माझ्या पुढे गेला. त्याला औषधांच्या कारखान्यात नोकरी लागली होती, दिवसभर तो उभा असायचा, खेळायला वेळ माझ्या निम्मासुद्धा नव्हता — आणि तरी पुढे गेला. का? तो माझ्यापेक्षा चांगला खेळायचा. हे वाक्य लिहायला मला किती वर्षं लागली पाहा. कुणी चुकलं तर मी माइकवर त्याची आई-बहीण काढायचो. सगुण मोडक्या हिंदीत म्हणायचा, असू दे भावा, पुढच्या वेळी. मग तो परका माणूस त्याच्यासाठी जीव तोडून खेळायचा. माझ्यासाठी कोण खेळणार?

आता जवळ येतो. आलोच आहे तर — सगुणचा जुना फोन एका पावसाळ्यात पाण्यात गेला होता. नवा घेईपर्यंत तो माझ्या फोनावर खेळला. त्याचं खातं माझ्या फोनात तेव्हापासून राहून गेलं होतं. काढू का, असं मी विचारलं होतं. तो म्हणाला, राहू दे, परत फोन मेला तर कामाला येईल. म्हणजे त्याच्या घराची किल्लीच म्हणा की, त्याने स्वतः माझ्याकडे ठेवलेली.

कारखान्यात फोन आत न्यायला मनाई. सगुण फोन घरी चार्जिंगला लावून जायचा. एका दुपारी मी शटर ओढलं, पोत्यावर बसलो, आणि त्याच्या नावाने खेळात शिरलो. आणि काहीच केलं नाही. किल्ल्याच्या दारात नुसता उभा राहिलो. बाकीचे चार जण लढत होते, मरत होते, परत येऊन परत मरत होते, आणि मी उभा. माइकवरून ते ओरडत होते, हा सगुण कोण हरामखोर आहे? मी ऐकत होतो. तुम्हाला वाटेल माझे हात थरथरले असतील, मन खात असेल. नाही. मला आनंद झाला. मांजर दुधाच्या टोपाशी बसतं तसा मी त्या पोत्यावर बसलो होतो.

एकदाच केलं असतं तर म्हटलं असतं, तोल गेला. पण दुसऱ्या दुपारीही केलं, तिसऱ्याही. कधी नुसता उभा राहायचो, कधी मुद्दाम शत्रूच्या तोंडात जाऊन मरायचो. सगुणचे तारे गळत गेले. मग त्या परक्या लोकांनी इतके रिपोर्ट केले, की खेळानेच त्याला काही दिवस रँकमधून बाहेर काढलं. सोनेरी ओळ परत माझ्या नावाखाली आली. मी ती आईला दाखवली. तिला काही कळलं नाही, पण बरं झालं म्हणाली.

सगुण माझ्याकडेच आला. दुसरीकडे कुठे जाणार? त्याने फोन पुढे धरला, त्याने स्वतः न खेळलेल्या खेळांची यादी दाखवली, सगळे दुपारचे. मग विचारलं, "तुझ्या फोनार माझा खाता आसा मां अजून?" संशयाने नव्हे हो — साधंच विचारलं. मी म्हटलं, ते मी कधीच काढून टाकलं. तेही खरंच होतं म्हणा, त्याच सकाळी काढलं होतं. मी फोन त्याच्यापुढे धरला. त्याने बघितलासुद्धा नाही. माझ्या शब्दावर त्याचा इतका विश्वास होता.

तिथे थांबलो असतो तरी चाललं असतं. चोर सापडला नसता, गोष्ट विरून गेली असती. पण मला भीती वाटली. आणि भ्यालेला माणूस काय करील, त्याचा नेम नाही. मी अगदी सहज म्हटलं, "दुपारचो तुमच्या घराक कोण असता रे?"

बघा, मी नाव घेतलं नाही. कित्येक वर्षं मी स्वतःला हेच बजावत आलो — मी कुणाचं नाव घेतलं नाही, मी फक्त एक प्रश्न विचारला. प्रश्न विचारणं म्हणजे काय गुन्हा आहे?

दुपारी घरी उल्हास असायचा. साखळीला कॉलेजात होता, सकाळचे वर्ग करून बसने परत यायचा. थोरल्याच्या फोनाला हात लावायची त्याला सवय होती. एकदा त्याने सगुणच्या खात्यावरून खेळून एक तारा घालवला होता आणि त्यावरून बोलणी खाल्ली होती. त्यामुळे ह्या वेळी त्याचं कुणी ऐकून घेतलं नाही. सगुणने त्याला जेवत्या पानावरून उठवून मारलं. ज्याने परक्यांनाही कधी वाईट शब्द वापरला नाही, त्याने. उल्हास एकच सांगत राहिला, "मिया करूक नाय, दादा." पुढे दोघे बोलेनासे झाले. सगुण म्हणायचा, तारे गेले त्याचं काही नाही, पण हा तोंडावर खोटं बोलतो, ते मला सहन होत नाही. काकी बिचाऱ्या एका घरात दोनदा पानं वाढायच्या.

तारे-बिरे काकींना कळत नव्हते. त्यांना एवढंच कळत होतं की एक मुलगा दुसऱ्याला चोर म्हणतो. आमच्याकडे असं काही अडलं की माणसं देवाला विचारतात. जमीन घ्यावी का, मुलगी द्यावी का, दुखणं का हटत नाही — सगळं देवाला. काकींनी प्रसाद लावायचं ठरवलं. सगुणने मला सोबत बोलावलं. घरचाच म्हणून.

तुम्ही प्रसाद लावलेला पाहिला नसेल तर सांगतो. देवाच्या मूर्तीला उजव्या-डाव्या अंगाला फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि गाऱ्हाणं घालतात. कुठल्या बाजूची पाकळी गळते तो कौल. गुरवाने पाकळ्या लावल्या, पदर घेऊन काकी पुढे उभ्या राहिल्या, उल्हास त्यांच्या बाजूला. तोच सगळ्यांत निवांत होता. त्याला खात्री होती ना — देवाला तरी ठाऊक आहे.

गुरवाने सुरू केलं: "बा देवा म्हाराजा, ह्या घरात दोन भावांमदी जो काय फरक पडलो हा, तो तुका ठावक आसा. धाकलो झील खरां बोलत असात तर उजवो प्रसाद दी, खोटां बोलत असात तर डावो दी. आणि जेणी कोणी ह्यां केलां असात, तेका तेचा फळ दी रे म्हाराजा."

सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. मीही म्हटलं. चांगलं मोठ्याने म्हटलं, कारण गप्प राहिलो असतो तर कुणी माझ्याकडे पाहिलं असतं.

वेळ गेला. पाकळ्या तशाच. मी कुठलाही विचार करत नव्हतो, फक्त उजवीकडच्या पाकळीकडे बघत होतो. ती गळली तर? मग परत विचारतील, घरातला नाही तर बाहेरचा कोण? मी देवाकडे काय मागितलं असेल, ते तुम्हीच ओळखा. आणि डावीकडची पाकळी गळली.

गुरवाने हात जोडले. काकी मटकन खाली बसल्या. उल्हासने आमच्यापैकी कुणाकडेही पाहिलं नाही. तो त्या मूर्तीकडे पाहत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. जत्रेत बापाचा हात सुटलेल्या पोरासारखा तो दिसत होता. मग तो बाहेर गेला, चपला पायात घातल्या आणि निघून गेला. दोन दिवसांत त्याने कॉलेज सोडलं आणि फोंड्याला मामाकडे जाऊन एका दुकानात कामाला लागला.

त्या दिवशी देवळातून परतताना सगुण रडला. मला म्हणाला, तू दुपारचं विचारलं नसतंस तर माझ्या डोक्यात आलंच नसतं, मी अजून त्यालाच खरा मानत राहिलो असतो. मी काय केलं? मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

आणि मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून ठेवतो. देवानेच सांगितलं, मग देवाला खोटं पाडणारा मी कोण? असा देव मी माझ्या पापावर पांघरुणासारखा ओढून घेतला. पुढे थोड्याच दिवसांत खेळाचा तो सीझन संपला. सीझन संपला की सगळ्यांचेच तारे उतरतात, सगळ्यांनाच परत खालून चढावं लागतं. म्हणजे जे मी हिसकावून घेतलं, ते तसंही जाणारच होतं. हे मला आधी ठाऊक नव्हतं का? होतं. प्रत्येक खेळणाऱ्याला ठाऊक असतं.

उल्हास घरी येईना. आमच्याकडे माणूस मुंबईला असो की आखातात, चतुर्थीला मूळ घरी येतो. नाही आला तर ते घर तुटलं असं लोक समजतात. उल्हास चतुर्थीलाही आला नाही. गणपतीवर जी माटोळी बांधतात — लाकडाची चौकट, तिला सुपारीचे घोस, नारळ, रानातली फळं लटकवतात — ती त्या घरात उल्हास बांधायचा. डोंगरात फिरून कुठली कुठली फळं आणायचा. तो नाही म्हटल्यावर काकींनी मला विचारलं. मी हो म्हटलं. दर वर्षी मी त्याच्या जागी स्टुलावर चढून माटोळी बांधत आलो. माझी बायको लोकांना सांगते, मित्र असावा तर आमच्या ह्यांच्यासारखा.

यंदा उल्हास आला.

काकी आजारी पडल्या होत्या, तेव्हा सगुण फोंड्याला जाऊन त्याला भेटला होता. ये म्हणाला. पण काकींचं एक म्हणणं होतं — देवाने एकदा कौल दिला आहे, तो मानल्याशिवाय देवाच्या दिवशी घरात कसा घेऊ? आई होती हो ती, पाषाण नव्हे. पण आमच्याकडे देवाच्या शब्दावर पाय देत नाहीत. चतुर्थीच्या आदल्या दिवशी उल्हास बसमधून उतरला तो थेट देवळात गेला. पायरीवर हात ठेवला आणि आईच्या आणि भावाच्या देखत म्हणाला की ते मीच केलं होतं. मग तो घरी आला. सगुणने त्याची बॅग स्वतः उचलून आत नेली, आणि देवळातलं सगळं जाता जाता मला सांगितलं.

मी तेव्हा स्टुलावर होतो. उल्हास खाली येऊन उभा राहिला आणि एकेक घोस वर द्यायला लागला. अंगाने भरला होता, कानाजवळ केस अकालीच पांढरे झाले होते. आत सगुण आणि काकी बोलत होते, त्या घरात पुष्कळ वर्षांनी ऐकलेला आवाज तो. मला राहवलं नाही. का राहवलं नाही कोण जाणे. मी खाली वाकून हळूच विचारलं, "तू करूक नाय, तर मगे देवळात कित्याक तसां सांगलंस?"

त्याच्या हातात सुपारीचा घोस होता. तो तसाच धरून त्याने वर माझ्याकडे पाहिलं.

"मिया करूक नाय, ह्यां तुका कसां म्हायत?"

त्याच्या आईने मानलं नव्हतं, भावाने नाही, देवानेसुद्धा नाही. उभ्या गावात त्याला निर्दोष म्हणणारा मी एकटा निघालो — आणि का, ते त्याला त्याच क्षणी कळलं. मी पाहिलं ते कळताना. हो म्हटलं नाही, माफ कर म्हटलं नाही. चौकटीकडे तोंड करून गाठ मारत राहिलो. थोड्या वेळाने खालून त्याचा हात वर आला, पुढचा घोस घेऊन.

रात्रभर मी वाट पाहिली की सगुण येईल, हाक मारेल, शिव्या घालेल. सकाळ झाली, कुणी आलं नाही. उल्हासने सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर आईचा देव खोटा ठरला असता, भावाचा एकुलता मित्र गेला असता, आणि कालच कुठे जुळलेलं घर परत विस्कटलं असतं — हा हिशेब त्याने केला की आणखी काही, मला माहीत नाही. पण माझं ओझं त्याने दुसऱ्यांदा डोक्यावर घेतलं, आणि ह्या वेळी ते कुणाचं आहे हे ठाऊक असून.

दुपारी पंगत बसली. दर वर्षीसारखं मला बोलावणं होतं, आणि मी गेलो. सगुण माझ्या शेजारी बसला, सारखा भावाकडे बघत होता, त्याच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. उल्हास भाज्यांचं खतखतं वाढत वाढत माझ्या पानापाशी आला. थांबला.

"पोटभर जेव, बाबलदादा," तो म्हणाला, आणि वाढून पुढच्या पानाकडे गेला.

मी जेवलो. तो परत भात घेऊन आला, तेव्हा भातही घेतला.